बंद भट्टीचा माल

आमच्या घराच्या वरच्या खोलीत तीन वर्षं एक कॅप्टन भाड्याने राहत होते. बिरसीच्या विमानतळाजवळ मुलांना विमान चालवायला शिकवतात, तिथे ते शिकवायचे. मीही शिकवतोच, जिल्हा परिषदेच्या शाळेत, सातवी-आठवीला विज्ञान. पण गावात कोणी आम्हा दोघांना एका पेशातले समजत नसे. कॅप्टन साठीला आलेले, डेहराडूनकडचे, एकटे. सकाळी ते गच्चीवर उभे राहून आभाळ बघत. खाली अंगणात खाटेवर बसून माझे बाबाही आभाळ बघत. कॅप्टन विमानासाठी, बाबा वाळत घातलेल्या धानासाठी.

एकदा बाबांनी खालून सांगितलं, "आज मत उडो." कॅप्टननी मोबाइलवर पाहिलं. त्यात आभाळ स्वच्छ होतं. अकरा वाजता गारा पडल्या. दुसऱ्या दिवसापासून कॅप्टन रोज सकाळी खाली येऊन बाबांसोबत चहा घ्यायला लागले. कसं कळलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "बास आती है."

बाबांचं नाक हा आमच्या घरात कौतुकाचा विषय नव्हता, वैतागाचा होता. दूध कोणत्या गाईचं, कणीक कधी मळली, मी शाळेतून येताना कुणाकडे जेवून आलो, हे सगळं त्यांना उंबरठ्यावरच कळत असे. माझी बायको लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिच्या हातून डाळ गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाला लागली. तिने वरची वरची काढून वाढली. बाबा जेवले. हात धुताना फक्त म्हणाले, "गंज राखेनं घास, निघते." हे तिने मला आजवर बऱ्याच वेळा ऐकवलं आहे.

या नाकाचा त्यांना एकेकाळी पगार मिळत होता. सडक अर्जुनीच्या पुढे, हायवेपासून थोडं आत, तेव्हा दारूचा एक कारखाना होता. परवान्याचा, मोहफुलांपासून देशी दारू काढणारा. बाबा तिथे गोदामाचे बाबू होते. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी यायचे. त्यांच्या कपड्यांना मोहाचा वास असे, आणि आई ते कपडे बाकीच्या कपड्यांत मिसळू देत नसे. गोदामाला दोन कुलपं होती. एकाची चावी बाबांकडे, दुसऱ्याची सरकारी साहेबांकडे. साहेबांच्या खात्याच्या पाटीवर 'दारूबंदी' हा शब्द होता आणि त्यांच्या सहीशिवाय दारूचा थेंब बाहेर पडत नसे. बाबांना यात काही विचित्र वाटत नसे.

ते स्वतः पीत नव्हते. नवा माल टाकीत आला की त्यातले चार थेंब तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि "ठीक" किंवा "नाही" म्हणायचं. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं. आधीच्या मॅनेजरला सर्दी होती म्हणून एकदा त्यांनी केलं, आणि मग ते त्यांचंच झालं.

मी सातवीला ऊर्ध्वपातन शिकवतो. पाणी तापवायचं, वाफ थंड करायची, थेंब गोळा करायचे. पुस्तकात आकृती आहे. बाबांनी एकदा ती बघितली आणि विचारलं, "आग कोन पाहून राहिला?" आकृतीत आग बघणारा कोणी दाखवलेला नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांनी पुस्तक परत दिलं.

मी कॉलेजात होतो तेव्हा तो कारखाना बंद पडला. नागपूरच्या मालकाने दुसऱ्या जिल्ह्यात मळीवर चालणारा मोठा कारखाना घेतला होता आणि मोहाचा हा जुना त्याला परवडत नव्हता. बाबा ट्रंक घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी बांध घालायला गेले.

मागच्या जानेवारीत कॅप्टन नोकरी सोडून डेहराडूनला परत निघाले. जायच्या आदल्या दिवशी ते खाली आले आणि बाबांसमोर एक लांबट खोकं ठेवलं. आत स्कॉच व्हिस्कीची बाटली होती. बाबा पीत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. "अंकलजी, पीने के लिए नहीं दे रहा," ते म्हणाले. "आप सूँघ के बताइए."

मग त्यांनी ती काय आहे ते सांगितलं. ही एका कारखान्याची दारू नव्हती, पुष्कळ कारखान्यांची मिसळून बनवलेली होती, आणि त्यांतले काही कारखाने आता जगात उरलेले नव्हते. एके काळी तिकडे माल फार झाला, खप उतरला, तेव्हा मालकांनी ते बंद केले. कुठे इमारती पाडल्या, कुठे बंगले बांधले. पण लाकडी पिंपांत भरून ठेवलेली दारू गोदामात तशीच पडून राहिली आणि मुरत गेली. आता त्यातली थोडी थोडी काढून अशा बाटल्यांत मिसळतात. ती पिंपं संपली की संपलं.

बाबांनी खोक्याला हात लावला नाही. "बंद झाल्यावर सांडली नाही का?"

मी ते कॅप्टनना हिंदीत विचारलं. कॅप्टन म्हणाले, सांडायची कशाला?

"परवाना संपला असन ना."

हे मला कॅप्टनना समजावता आलं नाही. बाबांनी दुसरा प्रश्न काढला. इतकी वर्षं पिंपात ठेवल्यावर घट किती आली असेल? कॅप्टन हसले. दरवर्षी थोडी उडून जाते खरी, ते म्हणाले, आणि जी उडून जाते तिला तिकडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. मी हे बाबांना सांगितलं.

"आमच्याकडे घटच म्हणत," बाबा म्हणाले. "साहेब लिहून घेत."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिथल्या भट्टीवाल्यायचं काय झालं?"

कॅप्टनना माहीत नव्हतं. त्यांनी खोकं वाचलं, मग मी वाचलं. त्यावर धुराबद्दल लिहिलं होतं, मधाबद्दल, समुद्राच्या वाऱ्याबद्दल, पिंपाच्या लाकडाबद्दल. ज्याने मिसळली त्याची सही होती.

"भट्टीवाल्यांचं काही नाही लिहिलं," मी म्हणालो.

"नसन लिहिलं."

कॅप्टन गेले. बाटली कुठे ठेवायची याचा निर्णय बायकोने घेतला. देवाच्या खोलीत नको, पोरांच्या खोलीत नको, स्वयंपाकघरात तर नकोच. म्हणून ती बियाण्याच्या खोलीत, धानाच्या कोठीवर ठेवली गेली. दोन महिने बाबांनी तिचं नाव काढलं नाही.

मार्चच्या शेवटी एका रविवारी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बाहेर आले आणि म्हणाले, "मिस्त्रीकडे जाऊन येऊ. ते बाटली घे."

मिस्त्री म्हणजे कारखान्याचा भट्टीवाला. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून त्याचं गाव. लहानपणी मी त्याला दोनदा पाहिलं होतं. काळाकभिन्न, हाताला भाजल्याचे डाग, बोलणं कमी. कारखाना बंद झाल्यापासून त्याचं नाव घरात कोणी घेतलं नव्हतं.

मी गाडीची किल्ली घेतली. बाबा जागचे हलले नाहीत.

"परवाना काढ आधी."

"कशाचा?"

"दारू जवळ ठेवाची, नेवाची, प्यावाची, तर परवाना लागते. एक दिवसाचा मिळते."

"बाबा, कोणी काढत नाही तो."

"मी त्या खात्यासंगं आयुष्य काढलं," बाबा म्हणाले. "माह्यावर कधी ठपका आला नाही."

म्हणून गोंदियाच्या बाजारातल्या एका विदेशी दारूच्या दुकानासमोर, दुकान उघडायच्या वेळेला, मी उभा राहिलो. बाबा गाडीत बसून होते. माझ्या पुढे दोघे होते, त्यांतला एक माझ्या शाळेतल्या मुलीचा बाप. त्याने मला नमस्कार केला आणि आपली बाटली पाठीमागे नेली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, एक दिवसाचा परवाना पाहिजे.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. "कौन सा ब्रँड?"

"बाटली आहे. फक्त परवाना पाहिजे."

"बॉटल है, और परमिट चाहिए."

"हो."

त्याने मागे आवाज देऊन कुणाला तरी परवान्याचं पुस्तक कुठे आहे ते विचारलं. ते सापडायला वेळ लागला. धूळ झटकून त्याने माझं नाव विचारलं. परवाना माझ्या नावाने नको, वडिलांच्या नावाने हवा, असं मी सांगितलं. वय विचारल्यावर अठ्ठ्याहत्तर सांगितलं. तोपर्यंत माझ्या मागे बरीच माणसं जमली होती आणि सगळी शांतपणे ऐकत होती. "मास्टरजी," दुकानदार कागद देत म्हणाला, "सब ठीक है ना घर में?"

बाबांनी परवाना नीट वाचला, तारीख तपासली आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग आम्ही निघालो.

गोरेगाव मागे पडल्यावर, मुरदोलीच्या जंगलाच्या रस्त्याला ते आपणहून बोलायला लागले. कारखाना बंद झाला त्या दिवसाची गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली. मालकाची नोटीस महिनाभर आधी आली होती. तरी मिस्त्री भट्टी लावतच होता, कारण मोहाचा सडवा, म्हणजे पाण्यात आंबवलेली फुलं, टाक्यांमध्ये तयार होता आणि तो तसा टाकून द्यायला त्याचं मन घेत नव्हतं. परवान्याचा शेवटचा दिवस आला तेव्हा एक टाकी नव्या मालाने भरलेली होती. परवाना संपल्यावर तो माल विकता येत नव्हता, हलवता येत नव्हता. साहेब आले, त्यांनी कागद केला. दोन्ही कुलपं उघडली. आणि तोटी बाबांनी फिरवली, कारण ती त्यांच्या गोदामाची होती.

"दुपारभर वाहून राहिलं नालीनं," ते म्हणाले. "खालच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत गेलं. गावातले लोक वास घेत उभे. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या दिवसापासून तो माह्यासंगं बोलला नाही. मी दोन दिवाळ्या निरोप धाडला. आला नाही."

"त्यात तुमचा काय दोष? सरकारी हुकूम होता."

"हुकूम साहेबाचा होता. हात माहा होता," बाबा म्हणाले, आणि मग मला पुढच्या ट्रककडे लक्ष द्यायला सांगितलं.

मिस्त्रीचं गाव गाठायला साडेबारा झाले. घर सापडायला अडचण आली नाही, कारण त्याची मुलगी जंगलात पर्यटकांची गाईड आहे आणि तिला सगळे ओळखतात. ती नुकतीच सकाळची फेरी संपवून आली होती, खाकी कपड्यांतच. मी मास्तर आहे हे कळल्यावर तिने मला लगेच 'सर' म्हणायला सुरुवात केली. अंगणभर मोहफुलं वाळत घातली होती. पिवळी, तांबूस, काही अजून ओली. वासाने डोकं जड होत होतं. गाडीतून उतरताच बाबा जागीच थांबले आणि त्यांनी एक लांब श्वास घेतला.

मिस्त्री फुलांच्या मध्ये उकिडवा बसला होता. बराच वाळलेला, केस पांढरे, पण हाताचे डाग तेच. तो मूठभर फुलं उचलायचा, कानाजवळ नेऊन दाबायचा आणि परत ठेवायचा. त्याने आम्हाला पाहिलं. उठला नाही.

"बाबू," तो म्हणाला. "जेवून आले का?"

"हाव," बाबा म्हणाले. आम्ही जेवलो नव्हतो.

"बसा जी."

मुलीने खाट टाकली. बाबा बसले. मिस्त्री फुलं कानाला लावत राहिला. मुलीने पाणी आणलं आणि मला हळूच म्हणाली, "सर, माह्या बाबाले वास येत नाही. कोरोनात गेला तो आलाच नाही. म्हनून आता मोह वाळला का नाही, ते कानानं पाहते."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. बाटली त्यांच्या मांडीवर होती. आम्ही जवळपास साठ किलोमीटर आलो होतो, ज्याला वास येत नाही त्याला दारू द्यायला.

बाबांनी खोकं उघडलं. "परदेशातली आहे," ते म्हणाले. "बंद झालेल्या भट्ट्यायचा माल मिसळला आहे यात."

मिस्त्रीने बाटलीकडे पाहिलं. मुलगी स्टीलचे दोन पेले घेऊन आली. बाबांनी बाटली तिच्याकडे दिली, तिने झाकण काढून मिस्त्रीच्या पेल्यात दोन बोटं ओतली. मिस्त्रीने आधी सवयीने पेला नाकाशी नेला, मग लक्षात येऊन खाली घेतला. एक घोट घेतला. आम्ही वाट बघितली.

"गरम लागते," तो म्हणाला. "बाकी काही समजत नाही. तुम्ही सांगा."

बाबांनी तळहात पुढे केला. मुलीने चार थेंब ओतले. बाबांनी हात चोळले, डोळे मिटले, नाकाशी नेले. हे मी पहिल्यांदाच बघत होतो. इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं. ते बराच वेळ तसेच बसून होते. अंगणात मोहाचा एवढा घमघमाट होता की त्यातून त्यांना दुसरं काय सापडणार, असं मला वाटलं.

"पहिले धूर आहे," ते म्हणाले. "लाकडाचा नाही. माती जळाल्यासारखा. धानाच्या तनसाची आग विझवली का मागून येते, तसा."

"मंग?"

"मंग गोड. मोहासारखं जड नाही. सातूच्या पिठात गूळ कालवला, तसं. त्याच्या मागे लाकूड आहे. साग नाही, साल नाही. माह्या वळखीचं नाही."

"पहिली धार कापली का बरोबर?" मिस्त्रीने विचारलं. भट्टीतून अगदी आधी आणि अगदी शेवटी येणारी वाईट दारू वेगळी काढायची, त्याला ते धार कापणं म्हणत.

"कापली. डोक्यात जाते असं काही नाही."

"शेवटली?"

बाबांनी पुन्हा हात चोळले. "शेवटली बी वेळेवर कापली. मागे घान राहत नाही."

"आग मंद असन," मिस्त्री म्हणाला. "भट्टी लहान. तांब्याची." त्याने फुलं खाली ठेवली होती. "घाई केली नाही त्यानं. किती जनायचा माल आहे हा?"

"खूब जनायचा. एकेक येगळा समजत नाही. पन एक आहे त्यात, धूरवाला, तो बाकीच्यायले धरून आहे."

"तो बंद झालेल्यातला?"

"ते मले कसं समजन."

मिस्त्रीने मान हलवली. मुलगी माझ्या बाजूला जमिनीवर बसली होती. तिने मला विचारलं, की यांचं हे असंच चालायचं का कारखान्यात? मी म्हणालो, मीही आज पहिल्यांदाच बघतो आहे.

मिस्त्रीने पेल्यात उरलेलं संपवलं. मग म्हणाला, "ज्यानं हे शेवटलं काढलं, बंद व्हाच्या आधी, त्याले माहीत होतं का? का बंद होऊन राहिली म्हनून?"

"असन. नोटीस येते."

"माहीत असूनसन्या त्यानं आग मंद ठेवली."

"हाव. दिसते तसं."

मग मिस्त्री बाबांकडे न बघता, फुलांकडे बघत बोलायला लागला. "म्या नाही ठेवली. शेवटले तीन दिवस माहं चित्त नव्हतं. आग वाढवली, का एकदाचं होऊन जाऊ द्या. सडवा खाली लागला. धार कापाले उठलो नाही, बसून राहिलो. सगळं एकात एक गेलं. जनमभर असं केलं नव्हतं, आन् शेवटलंच तसं केलं. टाकीत टाकलं तवा मले जळका वास येऊन राहिला होता."

बाबांनी तळहात धोतराला पुसले.

"तुम्ही हातावर घेऊन पाहिलं होतं. साहेब येवाच्या आधी. मी दारातून पाहिलं."

"हाव."

"तुमाले समजलं होतं."

"हाव. लागलेलं होतं."

"मंग साहेबाले काऊन नाही सांगितलं?"

"सांडाचंच होतं," बाबा म्हणाले. "कायले सांगाचं?"

मिस्त्रीने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "कागदावर काय लिहिलं?"

"चांगला माल होता असं लिहिलं."

"मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो," मिस्त्री म्हणाला. "लोकायले वाटलं रडून राहिलो. मले वाटत होतं, वाहून जाऊ द्या लवकर, कोनी चाखाच्या आत. मंग तुमच्या घरी कोन्या तोंडानं येऊ? तुमी निरोप धाडला तवा वाटलं, बोलावून राहिले इचाराले."

"मले वाटलं, तू रागानं येत नाही. तोटी मी फिरवली म्हनून."

"तोटीचा कायचा राग? बरंच केलं तुमी."

"लागलेलं होतं तरी तुहंच होतं ते," बाबा म्हणाले. "मले फिरवाले बरं नाही वाटलं."

मुलगी उठून आत गेली आणि चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं आता कोणीतरी रडेल, आणि तसं झालं तर मी काय करायचं याचा मी विचार करत होतो. पण मिस्त्री म्हणाला, "हे ओलं आहे, इकडचं," आणि एक मूठ फुलं उचलून बाबांपुढे धरली. बाबांनी ती हुंगली.

"उद्या सांजेपर्यंत होते," ते म्हणाले.

"कानानं मले परवा वाटते."

"उद्या."

मग बाबांनी मला विचारलं, परवान्यावर प्यायचंही लिहिलं आहे ना? मी हो म्हणालो. त्यांनी दुसरा पेला पुढे केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिला घोट त्यांनी तिथे घेतला, मिस्त्रीच्या अंगणात, भर दुपारी. तोंडात धरला. गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते सदऱ्याच्या बाहीने पुसलं.

"कसं आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"वासच बरा होता."

मिस्त्री हसला. मी त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं. समोरचे दोन दात नव्हते. मुलीने भात आणि मासोळीचं सार वाढलं. जेवून आलो असं सांगून झालं होतं, तरी बाबांनी दोनदा भात घेतला. माझ्या बायकोने दिलेले लाखोळीच्या डाळीचे वडे मी काढले. मिस्त्रीने एक तोडला, खाल्ला आणि बाबांना विचारलं, याला वास कसा आहे? बाबांनी सांगितलं, लसणाचा, आणि तेल दुसऱ्यांदा तापवलेलं आहे. हे मी घरी सांगितलं नाही.

बाटली आम्ही तिथेच ठेवली. मिस्त्रीच्या जावयाने ती पुढच्या आठवड्यात मित्रांबरोबर लिंबूवाला सोडा घालून संपवली. मुलीने फोनवर मला हे सांगितलं आणि माफी मागितली. मी बाबांना सांगितलं. त्यांना काही वाटलं नाही. "प्यालेच ना," ते म्हणाले. "सांडली तर नाही."

डेहराडूनहून कॅप्टनचा फोन आला तेव्हा बाबांनी त्यांना स्वतः सगळं सांगितलं, हिंदीत, तुटक तुटक. धूर, गूळ, अनोळखी लाकूड. कॅप्टननी त्यांना परत परत थांबवून लिहून घेतलं. एक गोष्ट मात्र बाबांनी त्यांना सांगितली नाही, मिस्त्रीच्या शेवटच्या मालाची. ती इथे लिहावी का, असं मी बाबांना विचारलं. त्यांनी मिस्त्रीला फोन लावायला सांगितला. मिस्त्री म्हणाला, लिहा, पण आधी तीस वर्षं माल बरोबर होता हेही लिहा. म्हणून लिहितो आहे: आधी तीस वर्षं माल बरोबर होता.

त्यानंतर बाबा तिकडे चार वेळा गेले. गोंदियाहून कोहमाऱ्यापर्यंत बसने जातात, पुढे मिस्त्रीची मुलगी मोटारसायकल घेऊन येते. पहिल्या वेळी संध्याकाळी परत आले. दुसऱ्या वेळी दुसऱ्या दिवशी. मिस्त्री त्यांना गावभर फिरवतो आणि जागोजागी विचारतो, इथे काय येते? बाबा सांगतात. कुणाच्या घरी तेंदूपानं ओली राहिली आहेत, कुठल्या विहिरीचं पाणी उतरलं आहे, जंगलाच्या कडेने रात्री रानडुकरं गेली का. शेवटचं मिस्त्रीच्या मुलीला कामी पडतं, असं ती म्हणते. तिने एकदा पर्यटकांनाही तसं सांगितलं आणि डुकरं खरंच दिसली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "सर, तुमच्या बाबाले घेऊन जा जी. सकाळपासून दोघं भांडून राहिले."

"कशावरून?"

"कारखान्यात जुना मॅनेजर होता, त्याची गाडी कारी होती का निळी."

मी बाबांना फोन द्यायला सांगितलं. मागे मिस्त्रीचा आवाज येत होता, निळी, निळी. बाबांना मी म्हणालो, उद्या सकाळी न्यायला येतो.

"उद्या नको," ते म्हणाले. "इथं कारखान्याचा जुना ड्रायव्हर आहे एक, सडक अर्जुनीले. उद्या त्याले इचाराले जाऊन राहिलो आमी."

ड्रायव्हरला आठवत नव्हतं. बाबा आणखी दोन दिवस मिस्त्रीकडेच राहिले.